पुष्पचक्राचा मान

हरिहर देवस्थळीच्या पोटात दुखायला लागलं ते एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी, संध्याकाळी साडेसात वाजता, हॉलंडमधल्या डीमनच्या केव्हिट फुटबॉल क्लबच्या कँटीनमध्ये. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण त्याच वेळी क्लबचा अध्यक्ष योस्ट चमच्याने कप वाजवून उभा राहिला आणि म्हणाला, की यंदा चार मेला पुष्पचक्र गंधार ठेवणार.

टाळ्या झाल्या. हरिहरनेही वाजवल्या, आणि इतक्या जोरात की शेजारच्या बाईने वळून पाहिलं. गंधार मोहिते लाजत लाजत उभा राहिला, त्याने सगळ्यांना हात जोडले, आणि त्या हात जोडण्याचंसुद्धा लोकांना केवढं कौतुक! हरिहर चौदा वर्षं याच कँटीनमध्ये हात जोडत आला होता, तेव्हा कुणी कॉफीतून डोकं वर काढलं नव्हतं.

चार मे हा इथल्या लोकांचा युद्धात गेलेल्यांना आठवण्याचा दिवस. संध्याकाळी आठला सगळा देश दोन मिनिटं गप्प उभा राहतो. केव्हिट क्लबच्या दाराशेजारी भिंतीत एक दगडी पाटी आहे, तिच्यावर सात नावं आहेत. तिघं जर्मनांच्या गोळ्यांनी गेले. चौघं ज्यू होते. त्यांना आधी क्लबने सभासदांच्या यादीतून काढलं आणि मग जर्मनांनी घरातून. त्या पाटीसमोर दरवर्षी क्लबचा एक समर्थक पुष्पचक्र ठेवतो. कोण ते कमिटी ठरवते, आणि त्या माणसाचं नाव कँटीनमधल्या लाकडी फळ्यावर सोनेरी रंगात चढतं. त्या फळ्यावर आजवर एकही नाव असं नव्हतं, जे वाचताना योस्टची जीभ अडखळेल. आपलं नाव तिथे चढावं, एवढी एकच इच्छा हरिहरने या देशात धरली होती. घर, नागरिकत्व, बायकोची म्हणजे कीर्तीची नोकरी या सगळ्या गोष्टी अर्ज केल्यावर मिळाल्या. हिच्यासाठी अर्ज नव्हता.

अर्ज नव्हता, म्हणून हरिहर रेघा मारत होता. दर शुक्रवारी शेजारच्या झुइडओस्ट भागातल्या ऑफिसातून सुटला की मेट्रो पकडून तो मैदानावर यायचा आणि पांढऱ्या रंगाची ढकलगाडी घेऊन शनिवारच्या मॅचसाठी अख्खं मैदान आखायचा. पाऊस असो, बोचरा वारा असो. चौदा वर्षांत दोनच शुक्रवार चुकले, एकदा वडील गेले तेव्हा आणि एकदा कंबर धरली तेव्हा. पण रेघांचं असं असतं, की त्या नीट असल्या तर कुणाला दिसत नाहीत.

आणि गंधार? क्लबात जेमतेम तीन वर्षं. डेल्फ्टला पीएचडी, मग हूफडॉर्पला नोकरी, आणि बायको ऋतासह राहायला हरिहरच्या घरापासून दोन इमारती सोडून. त्याला या क्लबात आणलं कुणी? हरिहरनेच. ‘चल रे, शनिवारी जरा माणसांत ये,’ असं म्हणून स्वतःच्या सायकलच्या मागे मागे आणला. गंधार पुण्यात कॉलेजात असताना ढोलपथकात होता. त्याने दुसऱ्याच शनिवारी समर्थकांचा धूळ खात पडलेला ड्रम कमरेला बांधला आणि असा काही ठेका धरला, की पत्र्याच्या त्या छोट्या स्टँडमधले साठ-सत्तर डच लोक पायांनी ताल धरू लागले. तिसऱ्या शनिवारी त्याच्या नावाची आरोळी तयार होती. हरिहरच्या नावाची आरोळी कधी झाली नाही. रेघा मारणाऱ्याच्या नावाने कोण ओरडतो?

कमिटीने गंधारला निवडलं त्याला कारण होतं, आणि ते कारण शहाणपणाचं होतं, हेच हरिहरला जास्त झोंबत होतं. गेल्या दोन वर्षांत त्या स्टँडची दोन शकलं झाली होती. ड्रमच्या डावीकडे झुइडओस्टची तरुण मंडळी आणि काही डच विद्यार्थी. खांद्यावर चौकड्यांचे रुमाल, आणि मागणी ही, की चार मेला गाझातल्या मेलेल्यांचीही आठवण काढा, नाहीतर तुमचं ते मौन खोटं आहे. ड्रमच्या उजवीकडे जुनी खोडं. त्यांनी कठड्याला देशाचा झेंडा उलटा टांगलेला. उलटा झेंडा आधी शेतकऱ्यांनी रागाने लावला होता, आता कुणीही रागावला की लावतो. त्यांचं म्हणणं, पाटीवर सात नावं आहेत आणि मौन त्या सातांचंच आहे, बाकीचं राजकारण घरी ठेवा. गेल्या वर्षी चार मेला पाटीसमोरच शिवीगाळ झाली. डावे आणि उजवे एकत्र ओरडायचे ते फक्त गंधारचा ड्रम सुरू झाला की. तेव्हा त्यालाच पुढे करा, असं योस्टने ठरवलं.

“माझ्याविरुद्ध तरी कोण होतं?” घरी येऊन हरिहर बायकोला म्हणाला.

“कुणीच नव्हतं रे,” कीर्ती म्हणाली. “पुढच्या वर्षी देतील तुला.”

“पुढच्या वर्षी! मी काय नंबर लावलाय का?”

“गंधारला मिळालं तर वाईट काय आहे? आपलाच आहे ना तो.”

तेच तर दुखणं होतं. एखाद्या पीटरला मिळालं असतं तर हरिहर गप्प जेवून झोपला असता. आपल्यातल्याला मिळालं, आणि आपल्याला नाही मिळालं! आता फळ्यावर पहिलं भारतीय नाव गंधारचं असणार आणि हरिहर कधीकाळी चढलाच तर दुसरा असणार. दुसऱ्याला कोण विचारतं? हेवा हा असा होता. जेवताना, ऑफिसच्या मीटिंगमध्ये, दात घासताना तो सोबत असायचा, आणि हरिहरला त्याची लाजही वाटायची, पण लाजेने तो कमी होत नव्हता.

त्या शुक्रवारी हरिहर पेनल्टी बॉक्स आखत होता, तेव्हा गंधार सायकल टाकून मैदानात आला.

“दादा, बोलू का जरा? क्विक आहे.”

“बोल. फक्त रेघेवर पाय देऊ नकोस.”

गंधार उडी मारून बाजूला झाला आणि गाडीच्या बरोबरीने चालू लागला. “पुष्पचक्रवाला दरवर्षी क्लबच्या पत्रकात अर्धं पान लिहितो ना, ते योस्टने मागितलंय. मी आईला सहज सांगितलं, तर तिने साताऱ्याहून हा फोटो पाठवला. बघ ना.”

फोनवर एक जुना, कडा खाल्लेला फोटो होता. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा समुद्रकिनाऱ्यावर उभा, अंगात जाड ओव्हरकोट, उन्हाने डोळे बारीक केलेले. बोटाने पुढे सरकवल्यावर त्याच फोटोची मागची बाजू, शाईने लिहिलेली: हॉलंड, १९४३.

“आमच्या पणजोबांचे धाकटे भाऊ, वासुदेव. वासुआबा म्हणायचे सगळे. ब्रिटिशांच्या पलटणीत होते, आफ्रिकेत पकडले गेले आणि मग सुभाषबाबूंच्या फौजेत गेले. परत आल्यावर ब्रिटिशांनी आत टाकलं. घरी ताम्रपट आहे, दादा. साताऱ्यात गल्लीला नाव आहे त्यांचं. आणि तो माणूस ऐंशी वर्षांपूर्वी इथे होता! म्हणजे मी काही या देशात पहिला नाही आमच्या घरातला. मला तर काटाच आला अंगावर.”

हरिहरने फोटो दोन बोटांनी मोठा केला. ओव्हरकोटाच्या बाहीवर ढालीच्या आकाराचा बिल्ला होता. त्यावर तीन पट्टे, आणि पट्ट्यांवर झेप घेणारा वाघ.

तो वाघ हरिहरच्या ओळखीचा होता. सहा वर्षांपूर्वी मेच्या सुट्टीत तो आणि कीर्ती झेलंडला समुद्रावर गेले होते. पाऊस आला म्हणून एका खेड्यातल्या छोट्या युद्धसंग्रहालयात शिरले, आणि तिथे काचेच्या पेटीत हाच बिल्ला. हरिहर हरखून गेला होता. पेटीला खेटून उभा राहिला, कीर्तीकडून फोटो काढून घेतला, फेसबुकवर टाकला. मग तिकीट देणारा म्हातारा जवळ आला आणि अगदी शांतपणे म्हणाला, “ही माणसं इथे जर्मनांबरोबर आली. जर्मन सैन्याचाच कोट. आमच्या किनाऱ्यावरच्या त्यांच्या बंकरवर पहारा द्यायची. माझ्या आईला घर सोडावं लागलं, त्या घरात ही माणसं राहिली.” आपल्याकडे ज्यांच्या तसबिरींना हार घालतात, ती माणसं इथे कुणाच्या तरी आईच्या घरात घुसलेली होती. दोन्ही खरं होतं, आणि ते एका वाक्यात म्हाताऱ्याला सांगता येण्यासारखं नव्हतं. फेसबुकवर त्याने ते लिहिलं नाही.

“पण एक शंका आहे,” गंधार म्हणाला. “सुभाषबाबूंचं जर्मनीशी काहीतरी होतं ना? ऋता म्हणाली, आधी कुणाला तरी विचार. यांना खटकणार नाही ना? तू इतकी वर्षं आहेस इथे. तुला कळतं यांचं.”

हरिहरने गाडी थांबवली. सांगायचं होतं ते एवढंसंच होतं: बाबा रे, हा फोटो घालू नकोस. सात शब्दसुद्धा नाहीत. ते जिभेवर आलेही होते. पण डोळ्यांसमोर फळा आला आणि सोनेरी रंगातलं गंधारचं नाव आलं.

“खटकेल कशाला?” तो म्हणाला. “स्वातंत्र्यासाठी लढलेला माणूस आहे. यांना स्वातंत्र्याचं केवढं आहे! पाच मेला त्याचाच तर दिवस साजरा करतात. बिनधास्त घाल. आणि फोटो मोठा घाल.”

फोटो मोठा घाल, हे म्हणायची तर काहीच गरज नव्हती.

“थँक्स, दादा. मला वाटलंच होतं तुला विचारावं,” असं म्हणून गंधार सायकलकडे पळाला. हरिहरने उरलेली रेघ पूर्ण केली. ती सरळ आली. आपला हात जराही हलला नाही, याचं त्यालाच थोडं आश्चर्य वाटलं.

पत्रक एप्रिलच्या शेवटच्या बुधवारी दुपारी निघालं. पत्रक जुळवणाऱ्या बाईंना वाघ गोड वाटला होता. पण क्लबात एक निवृत्त ट्रॅमचालक होता, त्याला युद्धातले बिल्ले जमवायचा नाद. त्याने दोन तासांत सगळ्या सभासदांना लिहिलं: हा जर्मन सैन्याचा कोट आहे, आणि हा कोट आपण आपल्या सात माणसांच्या पाटीच्या फोटोशेजारी छापला आहे. संध्याकाळपर्यंत क्लबच्या ग्रुपवर दोनशे मेसेज. कुणी गंधारला खोटारडा म्हणालं, कुणी अडाणी. उलट्या झेंड्यावाल्यांनी त्याला पाटीपासून लांब राहायला सांगितलं. आणि डावीकडची मंडळी, ज्यांना पुष्पचक्राचं मुळात काही पडलेलं नव्हतं, ती अचानक वासुदेव मोहित्यांच्या प्रेमात पडली. एका गुलाम देशाचा माणूस, दोन साम्राज्यांत चेंगरलेला, त्याचंही नाव पाटीवर घाला म्हणून!

हरिहर सोफ्यावर बसून एकेक मेसेज वाचत होता. वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण वाईट वाटण्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं, उबदार आणि गुळगुळीत, आणि ते त्याला आवडत होतं.

“हरिहर,” कीर्ती स्वयंपाकघरातून म्हणाली, “तो वाघ आपण बघितला होता ना रे? झेलंडला? तू फोटोपण काढून घेतलास.”

“असेल. विसरलो मी.”

“गंधारने तुला विचारलं नव्हतं का?”

“ओझरतं विचारलं. माझ्या काय लक्षात राहणार!”

कीर्ती ओट्याशी उभी राहून थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली, मग पुन्हा कोथिंबीर निवडायला लागली.

शनिवारी मॅच होती. उजवीकडच्यांनी चादरीवर लिहून आणलं होतं, ‘सात नावांसमोर जर्मन कोट नको.’ डावीकडच्यांनी त्याहून मोठं कापड आणलं, त्यावर वाघ काढलेला आणि खाली, ‘गुलामांनाही आठवा.’ मधे ड्रम आणि गंधार. त्याने आधी एका कापडाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे, आणि ठेका धरलाच नाही. पंधराव्या मिनिटाला कुणीतरी बिअरचा ग्लास भिरकावला. मग ढकलाढकली झाली, चादर फाटली, आणि कुणाची तरी टाच ड्रमच्या कातड्यातून आरपार गेली. पंचाने मॅच थांबवली. हरिहर साइडलाइनवर उभा होता. पाहुण्या संघाचे खेळाडू त्याने आखलेल्या रेघेवर कंबरेवर हात ठेवून गंमत बघत उभे होते.

गंधार स्टँडवरून खाली उतरला. माइक नव्हता, तरी त्याचा आवाज ऐकू गेला. “मी पुष्पचक्र ठेवणार नाही,” तो डचमध्ये म्हणाला. “वासुआबा आमच्या घरी मोठे आहेत. ते तुमच्या भिंतीवर नकोत, आणि तुमच्या बॅनरवरही नकोत. मी चुकलो. तुम्ही भांडू नका.”

“पण छापण्याआधी तू कुणाला दाखवलं नाहीस का?” योस्ट वैतागून म्हणाला. “कुणीच तुला सांगितलं नाही?”

गंधारने मान वळवली. त्याची नजर साइडलाइनवर आली, हरिहरवर थांबली आणि पुढे गेली.

“नाही,” तो म्हणाला. “कुणालाच नाही.”

आणि बघा तमाशा, पडला तोही झोकात पडला! दोन्ही बाजूंची माणसं त्याच्या पाठीवर थाप मारायला पुढे आली. ज्याने चादर आणली होती तोच फाटका ड्रम उचलून द्यायला धावला. हरिहर वाचला होता, आणि वाचल्याचा आनंद पुरता व्हायच्या आत त्याला पुन्हा हेवा वाटायला लागला. किती भोळा आहे हा, असं त्याने स्वतःला समजावलं. याच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

मैदान रिकामं झाल्यावर योस्ट सामानाच्या खोलीत आला. हरिहर ढकलगाडी धूत होता.

“सोमवारी तू ठेवशील का?” योस्टने विचारलं. “मला असा कुणीतरी हवाय, ज्याच्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही.”

चौदा वर्षांची कमाई एका वाक्यात त्याच्यासमोर ठेवली गेली होती. ज्याच्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही! गंधारबद्दल दोनशे जणांचं काहीतरी म्हणणं होतं.

“गंधारला वाईट वाटेल,” हरिहर म्हणाला. तेवढं म्हणायलाच हवं होतं.

“त्यानेच तुझं नाव सुचवलं.”

हरिहरने नळ बंद केला आणि हो म्हणाला.

सोमवारी चार मे. हरिहरने नवा काळा सूट घातला, कीर्तीने इस्त्री करून दिला पण ती आली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. पावणेआठला क्लबच्या दारासमोर दीडेकशे माणसं जमली होती. ऊन अजून लख्ख होतं. योस्टने सगळ्यांना विनंती केली होती, की झेंडे आणि रुमाल सायकलस्टँडपाशी ठेवून या. बहुतेकांनी ऐकलं. सायकलींच्या हँडलवर उलटे झेंडे आणि चौकड्यांचे रुमाल शेजारी शेजारी लटकत होते.

तुतारी वाजली. पुष्पचक्र वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं, आणि त्याला ओल्या पानांचा वास येत होता. दारापासून पाटीपर्यंत बारा पावलं. हरिहरने ती आदल्या दिवशी मोजून ठेवली होती. तो वाकला, पुष्पचक्र दगडाला टेकवून ठेवलं, हिरवी-पांढरी रिबीन सरळ केली, मागे सरला आणि ताठ उभा राहिला. आठ वाजले.

दूरवरची मेट्रो थांबली. या दोन मिनिटांत त्या सात जणांना आठवायचं असतं. हरिहरला ती नावं तोंडपाठ होती, पण त्याच्या मनात एकच गोष्ट होती, लोक आपल्याकडे बघताहेत का? त्याने मान न हलवता नजर फिरवली. कुणीच बघत नव्हतं. सगळ्यांच्या माना खाली होत्या. वर होती ती एकच मान, सायकलस्टँडजवळ, त्या झेंड्यांच्या आणि रुमालांच्या शेजारी. गंधार आणि ऋता आले होते. गंधार सरळ त्याच्याकडे बघत होता.

हरिहरने डोळे मिटून घेतले. चौदा वर्षं वाट पाहून मिळालेली ती दोन मिनिटं संपता संपेनात.

राष्ट्रगीत झालं, माणसं सैल झाली, कॉफीकडे निघाली. तेवढ्यात ट्रूसबाई आपली आधाराची चाकांची गाडी ढकलत पुढे आल्या. वय एकोणनव्वद. पाटीवरचं तिसरं नाव त्यांच्या भावाचं, केसचं. तो क्लबचा गोलकीपर होता, एकोणिसाव्या वर्षी गोळी घातली. पुष्पचक्र ठेवणाऱ्याचा हात ट्रूसबाई दरवर्षी दोन्ही हातांत धरतात, हे हरिहर चौदा वर्षं लांबून बघत आला होता. त्याने सूट नीट केला आणि हात पुढे केला.

“नीट ठेवलंत,” ट्रूसबाई म्हणाल्या, हात हलकेच दाबला आणि गाडी वळवली. त्या थेट सायकलस्टँडपाशी गेल्या. तिथे त्यांनी गंधारचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. काहीतरी बोलत होत्या, ऋता डोळे पुसत होती.

हरिहरच्या अंगाचा तिळपापड झाला. पुष्पचक्र मी ठेवलं, आणि हात त्याचे! ट्रूसबाई कॉफी घ्यायला आत गेल्यावर तो न राहवून तिथे गेला.

“छान झालं,” गंधार म्हणाला. “अगदी सरळ ठेवलंस.”

“तुझी आणि ट्रूसबाईंची कधी ओळख झाली?”

“काल घरी गेलो होतो त्यांच्या. माफी मागायला. फोटो घेऊन.”

“फोटो घेऊन? काय म्हणाल्या?”

“आधी फोटो बघत बसल्या. मग म्हणाल्या, हा कोट मला बघवत नाही. पण हा पोरगा माझ्या केसपेक्षा फार मोठा दिसत नाही, आणि याला थंडी वाजतेय.” गंधार थांबला. “मग त्यांनी चहा केला.”

ट्रूसबाईंच्या घराचं दार हरिहरने चौदा वर्षांत आतून पाहिलं नव्हतं. त्याला एकदम वाटलं, आपणही काहीतरी मोठं करावं, आत्ता, इथे. पश्चात्ताप होता की आणखी काही, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. कुणीतरी आपलेही हात धरावेत, एवढंच त्याला हवं होतं.

“गंधार, एक सांगायचंय. त्या वाघाचं मला माहीत होतं.”

“हो,” गंधार म्हणाला.

“हो म्हणजे?”

“तुझा फोटो आहे ना फेसबुकवर. काचेच्या पेटीशेजारी. ‘परदेशात आपला वाघ.’ ऋताने बुधवारीच शोधून काढला. त्या संग्रहालयाच्या साइटवर सगळं लिहिलंय, ती माणसं कुणाबरोबर आली, कुठे राहिली.”

“बुधवारी?” हरिहर म्हणाला. “मग शनिवारी योस्टने सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा...”

“तेव्हा तुझं नाव घेतलं असतं तर त्या दिवसापासून तू आखलेल्या मैदानावरही कुणी पाय ठेवला नसता. एवढं कशाला करायचं?” गंधार खाली वाकून सायकलचं कुलूप काढत होता. “तुला हे पुष्पचक्र इतकं हवं होतं, हे मला कळलंच नाही रे. एकदा बोलला असतास, तर मी त्याच मंगळवारी योस्टला सांगितलं असतं, याला द्या म्हणून.”

गंधारच्या आवाजात राग असता तर त्याने काहीतरी उत्तर दिलं असतं.

कँटीनच्या दारातून योस्टने हाक मारली, “हरिहर! ये, फळ्यावर नाव कसं लिहायचं ते सांग, स्पेलिंग चुकायला नको!”

ऋता सायकल घेऊन पुढे झाली होती. तिने वळून पाहिलं नाही. गंधारने पॅडलवर पाय ठेवला.

“येतो, हरिहर,” तो म्हणाला, आणि निघाला.

या क्लबात सगळेच त्याला हरिहर म्हणायचे. दादा म्हणणारा एकच होता.